सावरीच्या उताराची व विसाजी वाकनिसांची हकीकत

श्री. वाचा देणारीस नमन, आणि ऐकोन घेणारासही नमन. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, ते वर्षी राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे.

राजधानीचे वेशीस लांब भिंत होती. रयत तीवर वर्तमानाचे कागद डकवीत असे, आणि ज्यास जो कागद मानेल त्यावर तो कुंकवाचे बोट उमटवीत असे. भिंतीचे काम विसाजी तिमाजी वाकनीस यांजकडे. यांनी कायदा केला की, बोटे अधिक तो कागद वर, उणी तो खाली. कोणाचा वशिला चालेना, म्हणोन महाराज संतोष पावले. परंतु वरचा कागद डोळ्यांपुढे, सबब जो येई तो त्यासच बोट लावी, आणि बोटे वाढत म्हणोन तो वरच राही. बोट कोणते दिवशीचे, हे कोणी पुसेना.

सर्वांत वर कागद होता, 'सावरीच्या उताराने नदी पायी सुखरूप उतरावी, पाणी गुडघाभर.' लिहिणाराने खरेच लिहिले होते, बोटे सातशे. मग भाद्रपदात पूर येऊन उताराचा तळ खचला आणि तेथे डोह पडला. काठच्या चंद्राई भोईणीने कागद लावविला, 'उतारास पाय घालू नये.' नवा कागद, सबब अगदी तळाशी, बोटे एकोणीस. मग ती स्वतः येऊन बोलली, "पंत, माझा कागद वर घ्या. माणसं जातील."

विसाजीपंतांस गोष्ट पटली, हात कागदापर्यंत गेलाही, आणि मग मनात आले की, आज हिचा उचलला तर उद्या प्रत्येकाचा उचलावा लागेल. बोलिले, "बाई, रयतेच्या कौलापुढे माझे काय चालते? बोटे पडू द्या." ती माघारी गेली.

मार्गशीर्षात परमुलखीचे वऱ्हाड आले, वेशीत थांबोन वरचा कागद वाचिला आणि उतारास लागले. सहा माणसे डोहात गेली. चंद्राईचा दादला कान्होजी याणे उडी घालोन दोघांस काढिले, आणि तिसऱ्यासाठी गेला तो परतला नाही.

विसाजीपंत अनवाणी तिचे दारी गेले. ती जाळे आवरीत होती. मान वर न करिता बोलली, "पंत, वाट दाखवायला सातशे बोटं होती. काढायला एकाचेच हात आले."

मग पंतांनी कायदा फिरविला, की दर पंधरवड्यास जुन्या बोटाचे मोल निम्मे व्हावे, भिंत रोज सकाळी नव्याने लावावी, आणि नवा कागद तीन दिवस डोळ्यांसमोर असावा. महाराजांनी पुसिले, "अपराध कोणाचा?" पंत बोलिले, "माझा. बोटे मोजिली, दिवस मोजिले नाहीत."

तात्पर्य, भिंतीवर लटके कोणी लिहिले नव्हते; खरे होते, ते शिळे जाहले होते. पुढे भिंत बरी चालली, कित्येक वाटसरू वाचले. चंद्राई मात्र पुन्हा कागद लावावयास आली नाही.