आप्पांनी पारखलेली एसएसडी

आमच्या केडगावच्या गल्लीत नवी वस्तू आली की आप्पा आधी तिच्या पाठीवर थाप मारतात, मग वाकून पोट बघतात आणि म्हणतात, "चाल बघू." माझ्या नव्या फ्रिजचं दार उघडून त्यांनी पार आत मान घातली होती, दात मोजत असावेत. समोरच्या घरी नवा जावई आला, तर त्याला उगीचच कोपऱ्यावरून तंबाखूची पुडी आणायला पिटाळलं आणि मागून निरखत राहिले. "डावा पाय जरा वढतोय," त्यांनी सासऱ्याला सांगितलं, "पन जनावर गरीब हाय."

आप्पा मूळचे खर्ड्याकडचे. तिकडं कुणाला बैल घ्यायचा झाला की आधी आप्पांना गाठायचं आणि त्यांना संगं घेऊनच बाजाराला जायचं. आप्पा 'घे' म्हणाले तर घ्यायचा, नुसतं नाक खाजवलं तर पुढं चालू पडायचं. मग घरोघर ट्रॅक्टर आले. आप्पा लेकाकडं केडगावला राहायला आले. आता त्यांना बाजाराला न्यायला कुणी येत नाही, म्हणून ते मिक्सर आणि फ्रिजवर भागवतात.

मी लग्नाचे व्हिडिओ करतो. माझा कॉम्प्युटर इतका रेंगाळायचा की लग्नाचा व्हिडिओ तयार होईपर्यंत त्याच घरून बारशाची ऑर्डर यायची. शेवटी एक वेगवान एसएसडी, म्हणजे कॉम्प्युटरात फाइली साठवायची पट्टी, मागवली आणि गमतीनं आप्पांना म्हणालो, "उद्या पारखायला या. तुम्ही नापास केली तर परत पाठवतो."

दुसऱ्या दिवशी आप्पा हजर. इस्त्रीचं धोतर, गुलाबी फेटा, तेल दिलेल्या वहाणा. मी ती बोटभर पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ही?" त्यांनी ती उलटी केली. "हिचं पाय कुठं हाईत?"

"पाय नसतात, आप्पा. हिच्यात काहीच हलत नाही."

"मंग पळती कशी?" त्यांनी ती कानाला लावली, हुंगली आणि नाइलाजानं मला कॉम्प्युटरमध्ये बसवू दिली. "चाल बघू."

मी वेग मोजायचा प्रोग्रॅम लावला. आकडे असे उसळले की मीच खुर्चीतून उठलो. आप्पा ढिम्म.

"रिकाम्या गाडीला म्हातारा बैलबी पळतो, गड्या. माल भर."

मी भरला. पारनेरचं अख्खं लग्न: हळद, वरात, ड्रोन, नवरदेवाच्या मित्रांचा न संपणारा नाच. पट्टी सुसाट निघाली आणि वरातीच्या मध्यावर वेग धाडकन उतरला.

"बसली!" आप्पा मांडीवर थाप मारून ओरडले. "चढाला बसायची खोड हाय हिला!" मग त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "न्हाई, न्हाई. तापलीय बिचारी. वारं घाल तिला!"

मी डब्याचं झाकण काढलं. आप्पांनी उपरण्यानं असा वारा घातला की टेबलावरच्या पत्रिका घरभर झाल्या. वेग पुन्हा चढू लागला. "चल माझ्या राजा! हुर्रर्र!" आप्पांच्या जोडीनं मीही ओरडायला लागलो. बायको लाटणं घेऊन धावत आली. तिला वाटलं, साप निघाला.

सगळं वऱ्हाड सुखरूप पोचलं तेव्हा आप्पांनी घाम पुसला. "ठेव. गुणाची हाय. फकस्त वाऱ्याला बांध."

एवढ्यात त्यांची सून बोलवायला आली. आप्पा दारात वहाणा शोधत होते, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "भाऊजी, उजाडल्यापासून फेटा बांधून ओट्यावर बसले होते. म्हणत होते, माणूस न्यायला येईल."

माझं हसू पार उतरलं. फार वाईट वाटलं. मी थट्टा करत होतो आणि हा माणूस बाजाराला निघाला होता.

"दुसरी कधी घ्यायची?" आप्पांनी दारातून विचारलं.

"आता कशाला? ही पुष्कळ वर्षं..." एवढं बोललो आणि त्यांचा चेहरा पाहिला. "म्हणजे, जोड तर लागेलच की, आप्पा. एका बैलावर कुठं शेत होतं? सोमवारी नगरला दुकानातच जाऊ. तुम्ही संगं पाहिजेच."

आप्पांनी फेटा सारखा केला. "सोमवारी व्हय? सोमवारी जरा कामं हाईत माझी. बघतो."

ते फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

"काढतो सवड," ते म्हणाले. "तू मातर न्यायला ये."