बापूअण्णांच्या तबकड्या

दुपारी चारच्या सुमारास आमच्या नवनगरातल्या गल्लीत कुणाच्या कुकरची शिट्टी झाली, की शेजारचे बापूअण्णा कुंपणावरून मान काढतात. "सुम्निर्री. रेकॉर्डिंग चाललंय." सुम्निर्री म्हणजे कानडीत गप्प बसा. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, कुकरलाही वर्गातलाच समजतो.

रेकॉर्डिंग म्हणजे घरातल्या ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या कॉम्प्युटरात भरणं. आवाज थेट वायरीतून जातो, कुकर त्यात कसा येईल, असं मी एकदा समजावून पाहिलं. "तुझं विज्ञान तुझ्यापाशी ठेव," अण्णा म्हणाले, "सुईला कान असतात रे." तेव्हापासून मी त्यांच्याकडे चहासुद्धा न भुरकता पितो.

तबकड्या ते रिठ्याच्या पाण्यानं धुतात आणि ताटाळ्यात ताटांशेजारी वाळायला उभ्या करतात. एकदा मला उपीट वाढताना चष्मा नव्हता, त्यांनी तबकडीच पुढं केली. मी ती आदरानं परत दिली.

एवढी घाई कशाला, तर वत्सलाक्का, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून बेंगळुरूची मुलगी मागं लागली आहे. पुढच्या महिन्यात तिच्याकडं कायमचं जायचं ठरलंय. तिच्या फ्लॅटात अण्णांची सोय आहे, दोन पेट्या तबकड्यांची नाही. जेवढं भरून होईल तेवढंच सोबत जाणार.

परवा शेवटची तबकडी राहिली होती, तेव्हा मला मुद्दाम बोलावलं. कुठलंसं कन्नड भजन होतं. मध्येच सुई अडकली. तीच ओळ पुन्हा, पुन्हा. अण्णा खुर्चीत स्वस्थ. मला राहवेना, सुई सरकवायला उठलो.

"राहू दे," अण्णा म्हणाले.

"अहो, रेकॉर्डिंग बिघडेल की."

"इथं ती नेहमीच अडकायची. मी कधी उठलो नाही. ही आतून यायची, पदराला हात पुसत. 'ऐकू येत न्हाई का ओ तुम्हाला' म्हणायची आणि सुई पुढं सारायची." अण्णा स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होते. "तिला यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा भरू दे."

मी खाली बसलो. ओळ फिरत राहिली, दारात कुणी आलं नाही.

थोड्या वेळानं अण्णा स्वतःच उठले. कोरडेच हात लेंग्याला पुसले आणि सुई अलगद पुढं सारली.