बोटभर मार्जिन

मूळ चाकं काही वाईट नव्हती. चार होती, गोल होती आणि फिरत होती. पण हेडक्लार्कांनी हौसेनं गाडी एकदाच ऑफिसला नेली, तेव्हा कॅशियर खिडकीतून बघून म्हणाला, "गाडी स्पोर्ट्स, पण पाय चिमणीचे!" त्या दिवशी हेडक्लार्कांना डबा गोड लागला नाही.

गाडी लाल, दोन सीटांची आणि इतकी ठेंगणी, की उतरताना त्यांना आधी एक हात, मग एक गुडघा आणि शेवटी देवाचं नाव बाहेर काढावं लागे. घेतली होती सेकंडहँड, पण जपणूक तळहातावरच्या फोडासारखी. ओरखडा पडेल म्हणून ते ऑफिसला बसनं जात आणि गाडी फक्त रविवारी काढत, तीही बायकोला बाजूला बसवून. आता तिला रुंद चाकं आणि रुंद टायर हवेच झाले.

बायको घरीच शिवणकाम करायची. हेडक्लार्कांनी तिचीच टेप उचलली आणि गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीच्या चाकाचं माप घेतलं.

"मडगार्डपासून नवा टायर बोटभर लांब राहील," ते विजयी स्वरात म्हणाले.

"बोटभर? अहो, मार्जिन जरा जास्त सोडा. अंगावर चढल्याशिवाय कुठलंच माप कळत नाही."

"हा काय कोट आहे?" हेडक्लार्क हसले. (हे हसू त्यांना पुढे फार महागात पडलं.)

मेकॅनिक म्हणजे काडीपैलवान. त्यानं चाकं बसवली, चक्कर मारून पाहिली आणि गाडी दारात आणून लावली. रविवारी दोघं ऐटीत निघाले. कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर मागून आवाज आला, "खर्रर्र!"

"काय हो हे?"

"रस्ता."

"रस्ता असा ओरडतो होय?"

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कांनी मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, मी मुद्दाम खड्ड्यांतून नेली, हूं की चूं नाही केलं. माणसं बसल्यावर दबत असेल. कोण कोण होतं?"

"मी... आणि मिसेस."

मेकॅनिक संसारी माणूस होता. त्यानं घाईनं फोन ठेवला.

हेडक्लार्कांना मात्र लख्ख उजेड पडला. त्यांची लग्नातली पँट त्यांना आजही बसत होती. म्हणजे ते संशयाच्या पलीकडे. मग राहिलं कोण? पण हे बायकोला सांगायचं कुणी आणि सांगून राहायचं कुठे? त्यांनी गुपचूप जॅक काढला, स्टेपनी काढली, पायाखालच्या चटयासुद्धा काढल्या. पुढच्या रविवारी पुन्हा खर्रर्र!

"तू पर्स घरी ठेवत जा," ते म्हणाले.

"का?"

"हात मोकळे राहतात."

बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की समोर कुणी नसताना त्यांनी हॉर्न वाजवला.

शनिवारी खरा प्रसंग उभा राहिला. एका नाटक कंपनीचे सगळे पोशाख बायकोनं महिनाभर डोळे फोडून शिवले होते. संध्याकाळी पहिला प्रयोग. मॅनेजरला काम पसंत पडलं तर पुढची सगळी नाटकं तिला मिळणार होती, आणि उशीर झाला तर राजा बनियनवर सिंहासनावर बसणार होता.

हेडक्लार्क घसा खाकरून म्हणाले, "असं करू. पोशाख मी गाडीतून नेतो. तू बसनं ये."

"माझे पोशाख गाडीतून आणि मी बसनं?"

"अगं, टायर घासतो. म्हणजे तसं काही नाही, पण वजनाचा थोडा..."

"कुणाच्या वजनाचा?"

हेडक्लार्कांनी छताकडे पाहिलं.

"म्हणून पर्स घरी का?" बायकोचा आवाज एकदम थंड झाला. तिनं हात पुढे केला. "किल्ली द्या."

तिनं राजा, राणी आणि सेनापती बाजूच्या सीटवर कोंबले आणि गाडी सुरू केली. हेडक्लार्क फाटकात कान टवकारून उभे राहिले. गाडी गतिरोधकावर चढली, उतरली आणि वळून दिसेनाशी झाली. आवाज नाही! 'हळू नेली असेल,' असं स्वतःला बजावत ते बससाठी धावले.

ते धापा टाकत थिएटरवर पोचले तेव्हा राजा अंगभर कपड्यांत होता, आणि मॅनेजर दारात उभा राहून बायकोला पुढच्या नाटकाचं काम देत होता. "आमचे मिस्टर," ती म्हणाली. "अहो, गाडी जरा दारात आणता?"

हेडक्लार्क रुबाबात गाडीत बसले. एकटेच. थिएटरच्या फाटकातल्या उंचवट्यावर गाडी चढली आणि मॅनेजरसकट सगळ्यांच्या माना वळल्या.

खर्रर्र!

हेडक्लार्क एक हात, एक गुडघा करत बाहेर आले. "पण ही माझी लग्नातली पँट तर अजून..."

"बसते," बायको शांतपणे म्हणाली. "दर वर्षी मी शिवण उसवून थोडी थोडी सैल करते. म्हटलं, कशाला उगाच मन दुखवायचं? पण आता तिच्यातलंही मार्जिन संपलं." आणि तिनं किल्लीसाठी पुन्हा हात पुढे केला.

हेडक्लार्क बसस्टॉपकडे निघाले, आखूड पावलं टाकत. काही उसवलं, तर उसवलेलं शिवणारी बायको गाडीनं कधीच पुढे गेली होती.