हैबतराव वाबळे पडले त्याची हकीकत

श्रीगजाननाचे स्मरण करून, सांगणाराचे आणि ऐकणाराचे कल्याण असो ऐसे चिंतून लिहितो. शके सतराशे चौपन्न, नंदननाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी ज्या राज्याचे नाव लिहिण्याची आम्हांस परवानगी नाही, त्या राज्याचे राजधानीत नगरसभेची निवडणूक प्रथमच जाहली, आणि चौथे दिवशी तिचा निकाल लागला, तो प्रकार ऐसा.

पूर्वी पेठेचा कारभारी दरबारातून नेमीत. महाराजांनी सनद द्यावी आणि रयतेने रामराम घालावा, हा शिरस्ता. परंतु महाराजांचे मनी आले की रयतेस एकदा विचारून तरी पाहावे. मग खल जाहला की विचारावे कैसे, कारण बहुतांस लिहिता येत नव्हते. तेव्हा हुकूम निघाला की प्रत्येक घरच्या स्त्री-पुरुषांनी चावडीत यावे, पडद्याआड कारकून बसेल, त्यास आपल्या उमेदवाराचे नाव यादीत आहे तैसे मोठ्याने सांगावे, आणि नाव सांगितल्याविना कोणास परत सोडू नये. मते गुप्त ठेवावी हे कोणास सुचलेच नाही, कारण त्या नगरीत कोणाचे घरी काय शिजले हेही गुप्त राहात नसे.

त्या नगरीत चिंचबाग नामे पेठ. तेथील कारभारी हैबतराव वाबळे, मिशा थोर, आवाज थोर, आणि कुटुंब तर इतके थोर की लग्न होऊन घरात आलेल्या स्त्रियाच अडतीस होत्या. हैबतराव तीस वर्षे सनदेवर कारभार करीत होते. भांडणे मिटविली, हौद बांधविला, कोणाची म्हैस हरवली तरी आपण शोधावयास गेले. परंतु त्यांचे मनात एक किडा वळवळे, की लोक रामराम घालितात तो मला की सनदेला? आणि निवडणुकीचा हुकूम ऐकताच ते हरखून गेले, आणि कुटुंब भागीरथीबाई यांस म्हणाले, "आता कळेल. आता लोकांना विचारणार आहेत."

परंतु हुकुमात कलम होते की उमेदवार दोन पाहिजेत, आणि हैबतरावांविरुद्ध उभा राहावयास कोणी तयार होईना. तेव्हा हैबतराव आपण होऊन केरू कल्हईवाल्याचे दुकानी गेले. केरू परमुलखातून आलेला, एकटा जीव, ना भाऊ ना भावकी. तो हात जोडून म्हणाला, "मालक, मला कशाला गोत्यात घालता? माझ्याकडं पागोटंसुद्धा नाही." हैबतरावांनी आपले पागोटे त्याचे डोकीस घातले आणि म्हणाले, "नुसता उभा राहा रे. पडायचंच तर आहे." आणि केरू उभा राहिला.

मतदान जाहले, आणि त्या दिवसापासून वाबळ्यांचे घरी काही बिनसले. भाजीत मीठ दोनदा पडू लागले, सुना सासऱ्यासमोर येईनात, आल्या तर पदर डोळ्यांपर्यंत ओढून येत. हैबतरावांस वाटले, निकालाची धास्ती घेतली असेल पोरींनी, आणि त्यांस बहुत कौतुक वाटले.

चौथे दिवशी सकाळी चौकात मांडव घालून निकाल वाचला गेला. एका पेठेत दोघांस सारखी मते पडली म्हणोन दोघेही हारासाठी पुढे जाहले आणि हार तुटला, एका पेठेत जिंकलेले गृहस्थ झोपले होते त्यांस उठवून आणावे लागले. मग चिंचबागेची पाळी आली, आणि कारकून आधी केरूस मत देणारांचे एकेक नाव वाचू लागला. वाबळ्यांच्या सूनबाई गोदा, मत केरू कल्हईवाला. सूनबाई साळू, मत केरू कल्हईवाला. धाकटी भावजय तान्ही, मत केरू कल्हईवाला. ऐशी वाबळ्यांचे घरचीच सदतीस नावे वाचली, आणि दर नावागणिक हैबतरावांच्या मिशा खाली येत गेल्या. अखेरीस पुकारा जाहला, केरू एकशे एकवीस, हैबतराव त्र्याण्णव. अठ्ठावीस मतांनी हैबतराव पडले.

हैबतराव उठले, केरूस हार घातला, आणि घरी येऊन ओसरीवर बसले. मग म्हणाले, "बाहेरच्यांचं सोडा. घरात सुद्धा मी कोणाला नको होतो?" हे ऐकताच आत एकच रडे उसळले आणि थोरली सून गोदा दाराआडून म्हणाली, "मामंजी, तुमचंच मत द्यायचं होतं हो! पण कारकून म्हणाला नाव सांगा. मी म्हटलं, मामंजी. तर तो म्हणतो, मामंजी नावाचा उमेदवार यादीत नाही. मग तुमचं नाव माझ्या तोंडानं कसं घ्यायचं?" आणि साळू म्हणाली, "तो सोडेना. मला वाटलं, माझं एकीचं गेलं तर काय बिघडलं, बाकीच्या देतीलच की." आणि मग आतून सगळ्याच म्हणाल्या की आम्हांसही तेच वाटले.

इतर पेठांत उमेदवारांच्या सुना दोन्ही बाजूंस सारख्याच होत्या, म्हणोन हा घोळ कोणास कळला नाही. येथे केरूस सूनच नव्हती. ही वार्ता कळताच निवडणुकीचे अंमलदार धावत आले आणि म्हणाले, "हैबतराव, अर्ज करा. नावाऐवजी चिन्ह ठेवू, कोणी आंबा दाखवील, कोणी पणती. फेरमतदानात तुम्ही आलातच." मागोमाग केरू आला आणि पागोटे पुढे धरून रडू लागला, "मालक, हे परत घ्या, मला कल्हईच बरी." हैबतराव काही बोलणार, तो त्यांचे ध्यानी आले की घरच्या स्त्रिया अडतीस आणि त्यांतून केरूस गेलेली मते सदतीस. त्यांनी अंमलदारांस विचारिले, "एक मत कोणाचं राहिलं?" अंमलदारांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "भागीरथीबाई. मत हैबतराव वाबळे."

हैबतराव उठून माजघरात गेले. भागीरथीबाई तांदूळ निवडीत होत्या. चाळीस वर्षे संसार जाहला, सहा लेकरे जाहली, परंतु ते नाव त्या तोंडून कधी निघाले नव्हते. हैबतराव म्हणाले, "तू नाव घेतलंस?"

त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "घेतलं. दोनदा घेतलं. कारकून मेला कानानं जड आहे."

हैबतराव सुपाजवळ खाली बसले, आणि हळूच म्हणाले, "मग आता एकदा घे की. मी ऐकलं नाही."

"इश्श! आता काय निवडणूक आहे का?" भागीरथीबाई म्हणाल्या. "पुढच्या खेपेस इकडून चावडीबाहेर उभं राहावं. येईल ऐकू."

मग हैबतराव बाहेर आले, केरूचे डोकीस पागोटे आपले हाते नीट बसविले, त्यास सनदेतली कलमे समजावून सांगितली, आणि अंमलदारांस म्हणाले की फेरमतदान नको, निकाल लागला तो लागला.

येणेप्रमाणे राजधानीची पहिली निवडणूक जाहली. केरोबांनी कारभार चांगला केला. पुढे दरबाराने ठरविले की यापुढे नावे घ्यावयास नकोत, सर्वत्र चिन्हेच ठेवावी, आणि साऱ्या नगरीने त्यास रुकार दिला. विरुद्ध अर्ज एकच आला, की कृपा करून नाव मोठ्याने घेण्याचा नियम तैसाच ठेवावा. खाली सही, हैबतराव वाबळे, पराभूत उमेदवार, पेठ चिंचबाग.