हुंगण्याचा मान

बाळांनो, एका जंगलात एक अस्वल वैद्य होतं. ते वैद्य कसं झालं, हे विचारायचं नाही. ते वयानं मोठं होतं, एवढं पुरे.

अस्वलबुवा मुळ्या मोहाच्या दारूत भिजवायचे, अर्क गाळायचे, बाटलीत भरून तोंडाला मेण लावायचे. तो अर्क साळिंदराच्या काट्यानं आजाऱ्यांना टोचत. टोचलं की आजारी आधी गाणं म्हणत, मग पडत.

अर्कात दारू किती उरली, हे मोजायचं काम चिचुंद्रीकडे होतं. नाक लांब, त्यात शिकलेली. उद्या तिच्याच आईला टोचायचं होतं.

तिची पद्धत सोपी होती. बाटली गरम वाळूत ठेवायची. वर जमलेली वाफ नळीनं मुंग्यांच्या रांगेवर सोडायची. रांग जितकी वाकडी, तितकी दारू जास्त.

पण बाटली उघडली की आधी थोरांनी हुंगायची, अशी रीत होती. आधी हत्तीआजोबा, मग गवाकाका, मग अस्वलबुवा. उरलंसुरलं चिचुंद्रीला.

उद्याच्या अर्काची एक बाटली अशीच हुंगून झाल्यावर तिच्याकडे आली. मुंग्या सरळ चालल्या.

"निर्दोष," अस्वलबुवा म्हणाले आणि एका झाडाची खुशाली विचारू लागले.

"बुवा, वाफ तुमच्या नाकांत गेली. मला बंद बाटली द्या."

"आमच्या आधी हुंगणार?" हत्तीआजोबा सोंडेला गाठ मारत म्हणाले. "आधी स्वतःचा वास मोज, बये."

गवाकाका हसता हसता खालीच बसले.

चिचुंद्रीनं आईसाठी ठेवलेली बंद बाटली उचलली, वाळूत तापवली, मेणातून नळी खुपसली. मुंग्यांची रांग वळली, गोल फिरली आणि फुगडी घालू लागली.

"मुंग्याच वाह्यात आहेत," अस्वलबुवा म्हणाले. "आजकालची पिढी."

चिचुंद्रीनं आईच्या बिळाकडे पाहिलं. मग हात जोडले.

"चुकलं माझं. तुम्ही असताना मी कोण हुंगणारी? ही बाटली तुम्हीच हुंगा. अगदी पोटभर. मी वाळू गरम ठेवते."

थोरांना गहिवरून आलं. "आधी तुम्ही", "छे, आधी तुम्ही" करत ते संध्याकाळपर्यंत हुंगत राहिले. हत्तीआजोबा स्वतःला फुलपाखरू समजून एका फुलावर बसले. फूल गेलं.

शेवटी त्या बाटलीवरही मुंग्या सरळ चालल्या.

सकाळी आईला टोचलं. तिनं गाणं म्हटलं नाही. उठून बसली आणि पेज मागितली.

थोर आडवेच होते. जंगलात बरेच दिवस कुणी कुणाला सल्ला दिला नाही.

तात्पर्य: बाळांनो, थोरामोठ्यांना नेहमी पुढे करावं. जे त्यांच्या नाकात गेलं, ते आपल्या आईच्या अंगात जात नाही.