धरणदुर्गाचे द्वारपाल मुके जाहले त्याची हकीकत

श्रीक्षेत्रपाल समर्थ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, भाद्रपद मासी, एका राज्यातील धरणावर जे वर्तमान जाहले ते यथास्थित लिहिले असे.

ते राज्यी धरणाचा कारभार एका संगणकाचे हाती. तो संगणक म्हणजे दुर्गच. जाळ्यावरून निरोप येण्याचे त्याचे दरवाजे पासष्ट हजार पाचशे पस्तीस, त्यांत दोन-चार उघडे, बाकी बंद. किल्लेदारी मंजुळाबाई खोचरे यांजकडे. बाई हुशार, परंतु मोठ्या संशयी. एके सकाळी त्यांनी चौकीची नोंदवही पाहिली, तो परमुलखीचे अनोळखी येऊन दार दार ठोठावून जाताहेत, आणि दुर्गाचा द्वारपाल ऐसा भोळा की प्रत्येकास अदबीने सांगतो, "हे दार बंद आहे, माघारी जावे." बाईंचे मस्तक फिरले. "बंद आहे म्हणणे म्हणजे आत कोणी आहे हे सांगणेच की! चोर नकारावरूनही घराचा नकाशा काढतो," ऐसे म्हणोन त्यांनी हुकूम फिरविला, जे बंद दारी कोणी ठोठाविले तर त्यास हो म्हणू नये, नाहीही म्हणू नये, भिंत जितके बोलते तितुकेच बोलावे. द्वारपाल मुका जाहला आणि बाईंस समाधान वाटले.

मग त्याच दिवशी दुपारी वहीत एक ठोठावणारा नजरेस आला. बाकीचे दोनदा ठोकून कंटाळत आणि निघून जात; हा मात्र एकाच बंद दारी ताटकळे, आणि मुदत सरली की पुन्हा तेथेच ठोके घाली. "हा साधा चोर नव्हे," बाई पुटपुटल्या, "हा आमची डुलकी लागण्याची वाट पाहतो आहे." मग त्यास सर्वच दरवाजांवर मज्जाव करावा ऐसा हुकूम लिहिला, आणि बोट कळीवर ठेविले, तो फोन वाजला. वरल्या खोऱ्यातील पाणीचौकीचे शिदोबा गवस बोलत होते. नदीची पातळी मोजून दुर्गात धाडणारे यंत्र त्यांचे राखणीत होते.

"बाईसाहेब, पाणी लाल रेघेवर चढलंय. धरणाचं दरवाजं कवा उचलताय?"

"येथे तर पातळी दोन हात खाली दिसते. आपण शिदोबाच कशावरून?"

"आता काय आधार कार्ड दावू? चार तास झालं माझं यंत्र तुमचं दार ठोकतंय, आतनं हूं की चूं न्हाई!"

बाईंस उलगडा जाहला. ते यंत्र जुने. आधी सवयीने जुन्या दारी जाई, तेथे "बंद" ऐकले की तत्क्षणी नव्या दारी जाऊन पातळी सांगे. आता नकारच मिळेना, म्हणोन बापडे तेथेच खोळंबले, आणि दुर्गात चार तासांमागली पातळी ताजी म्हणोन मिरवीत राहिली. इतके उमजूनही बाईंची खातरी पटेना. यंत्राचा आकडी पत्ता वाचावयास सांगितले, आणि शिदोबांनी शिव्या गिळीत आकडे वाचले, ते वहीतल्या चोराचेच निघाले. मग मात्र बाईंनी क्षण दवडला नाही. भोंगे वाजविले, खालच्या गावांस निरोप धाडिले, आणि धरणाचे दरवाजे एकामागून एक उचलविले. माणूस-जनावर वाचले, एक मोटारपंप आणि स्मशानाचे पत्रे तेवढे वाहून गेले.

मागाहून धरणखात्याच्या थोरल्या साहेबांनी विचारिले, "आता सर्वांस पूर्ववत उत्तर देणार काय?"

"नाही," बाई म्हणाल्या. "परक्यांस मौनच. आपल्या चौक्यांची यादी करिते; त्यांनी चुकीचे दार ठोकले तर तोंडावर नाही म्हणावे, म्हणजे ते बरोबर दारी जातील."

"आणि यादीत कोणी खोटा शिरला तर?"

बाई दुसरे दिवशी एसटीत बसून वरल्या खोऱ्यात गेल्या, आणि सातांपैकी सहा चौक्यांची यंत्रे स्वतः तपासून मग एकेक नाव लिहीत गेल्या. शेवटी शिदोबांची चौकी पाहिली, तो भिंतीवर चिखलाची ओली खूण कंबरेइतकी उंच, आणि ज्यावरून त्यांनी आकडे वाचले तो फोन त्याच भिंतीस. बाईंनी शिदोबांचे यंत्र न तपासताच यादीत नाव चढविले.

ऐसा बंदोबस्त त्या सालापासून चालला: परक्यास मौन, आपल्यास स्पष्ट नकार. बाईंचा संशय तिळभर घटला नाही. मात्र एक नाव त्या संशयातून वगळले गेले, ते अद्याप वगळलेलेच आहे.