अण्णांच्या हातावरचे चौकोन

सकाळी नऊ वाजता शेजारणीच्या दारात उभं राहून, हात पुढं करून "अक्का, टोचा" म्हणणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आमचे नरसय्याअण्णा बघा. डाव्या हातावर बॉलपेनानं आखलेले तीन चौकोन. एकावर डॉक्टरांना विचारून आणलेलं बधिर करायचं मलम, वर प्लास्टिक चिकटवलेलं. दुसऱ्यावर बर्फ फिरवायचा, तिसऱ्यावर खेळाडूंना लागल्यावर मारतात तसला गार फवारा मारायचा. मी साड्यांना फॉल लावते, म्हणून सुई माझी. ती उकळून घ्यायची, हे मात्र त्यांनीच बजावलेलं.

अण्णांची सगळी उमर टॉवेलच्या कारखान्यात माल तपासण्यात गेली. त्यामुळं जगात त्यांच्या लेखी दोनच प्रकार, 'पास' आणि 'सेकंड', म्हणजे डागी माल. माझी भाकरी एकदा उलटीपालटी करून त्यांनी 'सेकंड' ठरवली होती. मी अजून विसरले नाही.

हे खूळ निघालं नागम्मावहिनींमुळं, म्हणजे त्यांच्या बायकोमुळं. आठवड्यातून दोनदा त्यांचं डायलिसिस. सुया कसल्या, दाभणच! दोन वर्षं मुकाट्यानं सोसलं, आणि एक दिवस म्हणाल्या, "बास. आता मी न्हाय येत." अण्णा हबकले. पळत जाऊन मलम आणलं, रिक्षात बसल्यावर वहिनींच्या हाताला चोळलं आणि दहा मिनिटांत दवाखान्याच्या दारात रुमालानं पुसूनही टाकलं! सुई लागल्यावर वहिनी कळवळल्या. तेव्हापासून दर खेपेला "ही शेवटची" म्हणूनच निघायच्या.

मग अण्णा तपासणीला बसले. "डोळे झाकल्याशिवाय खरा माल कळत न्हाय, अक्का." ते डोळे मिटायचे, मी वाटेल त्या चौकोनात टोचायची.

"हा?"

"सेकंड."

"आणि हा?"

"पास! पण बिगीबिगी टोचा, गारवा चालला की. बर्फच न्हवं?"

"अण्णा, ओलं लागल्यावर कळतंच की कुठला चौकोन, मग डोळे झाकून उपयोग काय?"

"तुमी गप टोचा की!"

आठेक दिवस हे चाललं. मलम दहा मिनिटं ठेवलं तर काही नाही. अर्ध्या तासानं जरा बरं. प्लास्टिकखाली पुरता तासभर ठेवलं, तेव्हा मी टोचून झाल्यावर अण्णा मलाच विचारतात, "कवा टोचणार?"

"टोचलं की!"

"पास!" असे ओरडले की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

मग गजर लावून, तासभर आधी वहिनींना मलम. त्या दिवशी परत आल्या त्या माझ्या दारात थांबून हसल्या. "दाबल्यागत झालं, बास. पुढच्या खेपेला मलम लावून मीच तयार बसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा परत हजर. हातावर एकच चौकोन, कोरा.

"आता काय तपासायचं राहिलं?"

"दोन वर्षं तिनं असंच टोचून घेतलं की," अण्णा म्हणाले. "मी भाईर बाकड्यावर च्या पीत बसायचो. जरा जोरात टोचा."

त्यांनी डोळे मिटले. मी सुई रिळात खोचून ठेवली आणि चौकोनावर नुसतं बोट टेकवलं.

अण्णांचे डोळे मिटलेलेच. म्हणाले, "लई दुखलं, अक्का."